रंग वजा केल्यावर किती मेगापिक्सेल?

मे २०१२मध्ये लायका कंपनीने बर्लिनमध्ये ‘एम मोनोक्रोम’ बाजारात आणला. जवळपास आठ हजार डॉलरचा कॅमेरा, आणि त्याला रंग म्हणून काही दिसत नाही! मुळात हा त्यांचाच ‘एम ९’. तेवढेच १८ मेगापिक्सेल. फक्त सेन्सरवरची रंगांची जाळी गायब. कोडॅकने केवळ कृष्णधवल टिपणारे डिजिटल कॅमेरे त्याआधीच विकले होते, पण ही कल्पना हौशी छायाचित्रकारांच्या तोंडी झाली ती लायकामुळे.

जाळी काढल्याने काय साधतं, हे कळल्याशिवाय मेगापिक्सेलचा वाद निरर्थक आहे. सेन्सर जन्मजात रंगांध असतो. कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांनी १९७६मध्ये पेटंट मिळवलेल्या रचनेत निम्म्या पिक्सेलांवर हिरवा, पाव भागावर लाल आणि पाव भागावर निळा फिल्टर बसतो. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो; उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. जाळी नसली की प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः मोजतो. शिवाय फिल्टर गिळत होता तो प्रकाशही हाती येतो: ‘एम ९’चा मूळ आयएसओ १६०, तर मोनोक्रोमचा ३२०. म्हणजे मेगापिक्सेलचा आकडा न हलवताच या कॅमेऱ्याची तीक्ष्णता वाढलेली असते.

तरीही आकडा चढत गेला. २०१५मध्ये २४, २०२०मध्ये ४०, आणि २०२३च्या ‘एम ११ मोनोक्रोम’मध्ये ६०. त्याच वर्षी पेंटॅक्सने मात्र आपला कृष्णधवल ‘के-३ मार्क थ्री’ सुमारे २६वरच ठेवला. लायकाच्या साठवाल्या कॅमेऱ्यात हवं तर ३६ किंवा १८ मेगापिक्सेलचीही फाइल निवडता येते, यातच बरंच काही आलं.

तीनशे डीपीआयने छापलं तर १८ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ए-३ कागद भरतो. ६०चा सुमारे ३२ बाय २१ इंच. भिंतीएवढी प्रिंट किती जण काढतात? त्यात भौतिकशास्त्र आडवं येतं. एफ/८वर विवर्तनामुळे प्रकाशाचा बिंदू साडेदहा मायक्रॉनच्या आसपास पसरतो. साठ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल पावणेचार मायक्रॉनचा, म्हणजे एकच बिंदू जवळपास तीन पिक्सेल व्यापतो. फायदा शून्य होत नाही, पण बराच आटतो. लायकाच्या एम मालिकेत फोकस हाताने करायचा, आणि ‘एम ११ मोनोक्रोम’मध्येही कंप शोषणारी यंत्रणा नाही. रस्त्यावर चालता चालता टिपलेल्या फोटोत साठातले अर्धे हाताच्या थरथरीतच जातात, असं माझं मत.

जास्त मेगापिक्सेलच्या बाजूचा खरा मुद्दा सहसा मांडला जात नाही. या कॅमेऱ्यांत प्रतिमा किंचित मऊ करणारा फिल्टर नसतो. तारेची जाळी, कौलांची रांग, कापडाची वीण समोर आली की लेन्स सेन्सरच्या कुवतीपेक्षा बारीक तपशील आत सोडते आणि नसलेले पट्टे, पायऱ्यांसारख्या कडा उमटतात. रंगीत फोटोतला असा डाग निदान रंगावरून ओळखू येतो. कृष्णधवलात तो खऱ्या पोताचा वेश घेऊन बसतो आणि नंतर काढता येत नाही. पिक्सेल बारीक झाले की हे खोटं आपसूक कमी होतं. चांगल्या लेन्सला १८ मेगापिक्सेल इथे तोकडे पडतात, हे मान्य करावंच लागेल.

पण मला विचाराल तर या कॅमेऱ्यांचं मोठं दुखणं पांढऱ्यात आहे. रंगीत सेन्सरवर एक रंग उजेडाने भरून वाहिला तरी दुसऱ्या दोघांच्या नोंदीवरून ढगांचा आकार थोडाफार परत मिळवता येतो. इथे पांढरं फुटलं की फुटलं. म्हणून एक्स्पोजर कमी ठेवायचं आणि सावल्या नंतर उचलायच्या. आकाश गडद हवं असेल तर तो निर्णयही जागेवरच घ्यावा लागतो, लेन्सवर पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर चढवून. गडद लाल फिल्टर तीन स्टॉप खातो. उजेड साठवण्याची क्षमता वाढली तर हौशी माणसाला तिचा उपयोग आणखी वीस मेगापिक्सेलपेक्षा जास्त होईल. हातात धरून काम करणाऱ्याला २४-२६ पुरेसे आहेत.

फेज वन कंपनीची १५० मेगापिक्सेलची कृष्णधवल डिजिटल बॅक मात्र या हिशोबात बसत नाही. तिच्यावर इन्फ्रारेड अडवणारी काचही नसते, त्यामुळे अतिनील आणि अवरक्त प्रकाशातही काम करता येतं. पुसट हस्तलिखितं, चित्राच्या थराखालची रेखाटनं टिपताना कॅमेरा स्टँडवर घट्ट असतो, दिवे मोजून लावलेले असतात आणि समोरची वस्तू हलत नाही. तिथे प्रत्येक पिक्सेल वसूल होतो.