तोडलेलें रान पुन्हां कसें उभें राहतें?

नाशिकचें नांव निघतांच पंचवटी आणि दंडकारण्य यांची आठवण होते. परंतु आज नाशिकहून पेठ, हरसूल किंवा त्र्यंबकेश्वर यांकडे जाणारास दुतर्फा जें रान दिसतें, तें पुराणांतलें अरण्य नव्हे. मनगटाएवढे साग, खुरटे ऐन, करवंदीच्या जाळ्या आणि मधून मधून उघडा कातळ, असें त्याचें स्वरूप आहे. शहरांतला प्रवासी तें पाहून ‘सारें उजाड झालें’ म्हणून सुस्कारा सोडतो. त्याची हळहळ खरी. परंतु निदान अपुरें. यांतलें पुष्कळसें रान मेलेलें नसून पुन्हां उभें राहण्याच्या खटपटींत आहे. तोडल्या-जळाल्यानंतर आपोआप वाढणाऱ्या अशा रानास शास्त्रज्ञ दुय्यम वन म्हणतात.

मूळचें रान कोणा एकानें बुडविलें असें नाहीं. १८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी सुरू झाली. रेल्वेस रुळांखालीं लांकूड लागलें, वाढत्या शहरांस वासे, सरपण व कोळसा लागला. डोंगरांतील कोकणा, वारली व महादेव कोळी शेतकऱ्यांस नागली, वरई व भात यांच्या रोपांसाठीं राब हवा होता. राब म्हणजे फांद्या, पालापाचोळा व शेण वाफ्यावर पसरून जाळणें. प्रत्येकाची गरज आपल्यापुरती रास्त होती. बेरीज मात्र रानास पेलली नाहीं.

तथापि झाड तोडलें म्हणजे तें संपलें असें होत नाहीं. साग, ऐन, धावडा, पळस यांचा बुंधा गेला तरी जमिनीखालीं मुळें जिवंत राहतात, आणि त्यांत सांठलेल्या अन्नावर खुंटास नवे धुमारे फुटतात. बियेपासून उगवलेलें रोप पहिल्या वर्षीं कसेंबसें जीव धरतें. सागाच्या खुंटाचा धुमारा तेवढ्याच अवधींत पुरुषभर उंच होऊं शकतो. रोप स्वतःच्या कमाईवर जगतें, धुमारा वडिलार्जित ठेवीवर. वरचें झाड हें व्याज मानलें, तर मुळें हें मुद्दल होय. कुऱ्हाडीनें व्याज जातें. मुळासकट उखडलें, कीं मुद्दलच जातें. अर्थात् ही ठेवही अक्षय्य नाहीं. दर दोन-तीन वर्षांनीं धुमारे छाटीत गेल्यास खुंट थकतो आणि रानाचें झुडूप होऊन बसतें.

जेथें खुंटही उरलेले नसतात, तेथें निसर्गास पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. आधीं कुसळी, रोहिशा असें गवत येतें. मग धायटी, तोरण, बोर आणि करवंद. करवंदीची जाळी ही रानाची सुईणच म्हणावयास हरकत नाहीं. बुलबुलासारखे पक्षी तिच्यावर विसावतात व खाल्लेल्या फळांच्या बिया तेथें टाकतात. काटेसावरीचा कापूस आणि ऐनाचीं पंखांचीं फळें वाऱ्यावर येऊन तींत अडकतात. काटेरी जाळींत शेळीचें तोंड शिरत नाहीं. आंत लपून वाढलेलें रोप जेव्हां डोकें बाहेर काढतें, तेव्हां तें जनावराच्या आवाक्याबाहेर गेलेलें असतें.

यापुढें सावलीचें राज्य सुरू होतें. पळस, काटेसावर हीं उन्हाचीं झाडें. त्यांच्या छायेखालीं गवत विरळ होतें. गवत विरळ झालें म्हणजे वणव्यास खाद्य मिळत नाहीं. पालापाचोळा कुजून मातींत ओलावा टिकतो. परंतु या पहिल्या झाडांचीं स्वतःचीं रोपें त्या सावलींत वाढूं शकत नाहींत. तेथें जांभूळ, आंबा यांसारखीं सावली सोसणारीं झाडें जम बसवितात. पहिली पिढी अशा रीतीनें आपलें घर दुसऱ्यांसाठीं बांधून जाते.

यास काळ किती लागतो? लोरेन्स पूर्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उष्ण कटिबंधांतील ७७ ठिकाणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध केले. जमिनीचा वापर फार कठोरपणें झाला नसेल, तर माती दहा वर्षांच्या आंत बरीचशी पूर्ववत् होते. रानाची ठेवण व जातींची संख्या यांस २५ ते ६० वर्षें लागतात. आणि मूळच्या रानांतल्या त्याच जाति त्याच प्रमाणांत परत येण्यास १२० वर्षांहूनही अधिक. म्हणजे नातवास दाट रान दिसेल. पण पणजोबांनीं पाहिलेलें रान दिसेलच असें नाहीं. सह्याद्रींत ठिकठिकाणीं गांवांनीं देवाच्या नांवानें राखलेल्या देवराया यासाठींच अमोल होत. नव्या रानास जुनें बियाणें पुरविणारीं तीं कोठारें आहेत.

वाटेंत विघ्नेंही आहेत. फाल्गुन-चैत्रांतला वणवा दरवर्षीं आला, तर कोंवळीं रोपें मरतात आणि आग सोसणाऱ्या थोड्याच जाति उरतात. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतून शोभेसाठीं आणलेली घाणेरी एकदां माजली, कीं खालीं दुसरें रोप येऊं देत नाहीं. याउलट, राखण झाली तर काय होतें हें नाशिकजवळच्या बोरगडावर पाहावयास मिळतें. कुऱ्हाड, चराई व वणवा यांना आवर घालून आणि स्थानिक झाडें लावून तो उघडा डोंगर हिरवा करण्यांत आला. २००८ सालीं त्यास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत आषाढांत पाऊस कोसळतो, आणि वैशाखांत तेथल्याच बाया हंडे घेऊन दूरवर पाणी शोधतात. काळ्या कातळावरचा मातीचा पातळ थर धुपला, कीं पाणी मुरावयाचें कोठें? तो थर धरून ठेवणारीं मुळें या खुरट्या रानाचींच आहेत. म्हणून अशा जमिनीस ‘पडीक’ ठरवून यंत्रानें साफ करणें आणि मग समारंभानें रोपें लावणें, हें मुद्दल उधळून कर्ज काढण्यासारखें आहे. आधीं खुंट मोजावे, धुमारे राखावे. जेथें कांहींच उरलें नसेल तेथेंच खड्डा खणावा. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभांस आपलें सामूहिक रान राखण्याचा अधिकार दिला आहे. परंतु राखणाऱ्यांच्या चुलीला सरपण व गुरांना चारा यांची सोय पाहिली, तरच तो अधिकार टिकेल. रानास स्वतःहून उठतां येतें. माणसानें त्याला पुन्हां पुन्हां पाडूं नये, एवढेंच त्यास हवें असतें.