संगणकातील अनोळखी पाहुणा

आपल्या समाजातील अनेक घरांत व संस्थांच्या कचेऱ्यांत आता संगणक आला आहे. देणगीदारांच्या याद्या, विद्यार्थ्यांचे अर्ज, बँकेचे व्यवहार हे सर्व त्याच्याच स्वाधीन असते. अशा यंत्रात आपल्या ओळखीचे नसलेले काही चालू दिसले म्हणजे धास्ती वाटणे साहजिक आहे. त्याची पारख कशी करावी, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रामांची, म्हणजे प्रोसेसची, यादी त्यात दिसते. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव तेथे अनेकदा आढळेल. ते विंडोजचेच आहे व ते अनेकदा दिसणे हा दोष नव्हे. मात्र ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण येथेही खरी ठरते. घातक प्रोग्राम असलीच साळसूद नावे धारण करतात.

म्हणून प्रथम पत्ता विचारावा. काचीगुड्यात एका नावाची चार माणसे असली तर आपण घर विचारतो, तसेच हे. नावावर उजवी कळ दाबून फाइलचे स्थान उघडावे. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोज फोल्डरातील सिस्टिम ३२ मध्ये राहतो. तोच डाउनलोड्स वा टेम्पमध्ये सापडला तर संशय रास्त आहे. दुसरे, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी पाहावी. विंडोजच्या काही अस्सल फाइलींवर ती तेथे दिसत नाही, आणि स्वाक्षरी असली तरी पूर्ण हमी मिळत नाही. २०१७ साली सीक्लीनर या प्रोग्रामची स्वाक्षरी असलेली आवृत्तीच दूषित निघाली व २० लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. यास्तव तिसरी साक्ष अद्ययावत अँटिव्हायरसची घ्यावी.

घाईने फाइल पुसून टाकणे हाही अपायच. २००२ मध्ये ‘अस्वलाचे चित्र असलेली फाइल व्हायरस आहे, ती काढा’ असा खोटा निरोप जगभर फिरला आणि लोकांनी विंडोजची निरुपद्रवी फाइल काढून टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच!

या कामी आपल्या नगराचाही वाटा आहे. केंद्र सरकारने २०१७ च्या फेब्रुवारीत सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. त्यामार्फत विनामूल्य देऊ केलेले ‘ॲपसंविद’ हे साधन सी-डॅकच्या हैदराबाद केंद्राने तयार केले. त्याचे तत्त्व सोपे आहे: आधी मान्य केलेल्या प्रोग्रामांनाच चालू द्यावयाचे, इतरांना दारातच अडवावयाचे.

संशय बळावल्यास इंटरनेटची जोडणी तोडावी, त्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार करू नये आणि पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून बदलावेत. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

संस्थेचा पैसा हा लोकांनी विश्वासाने दिलेला ठेवा आहे. तिजोरीची किल्ली आपण जपतो, तितक्याच दक्षतेने संगणकाचे दारही राखले पाहिजे, इतकेच आमचे वाचकांस सांगणे आहे.