मुलाचा एक्स-रे, सीटी काढताना

अमरावतीचे इर्विन असो वा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे :

■ छातीचा एक एक्स-रे सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, निसर्गातून तीनेक दिवसांत मिळतो तेवढाच किरणोत्सर्ग. डोक्याचा सीटी स्कॅन सुमारे २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे शंभरपट.

■ वाढत्या वयात पेशींना किरणांचा धोका अधिक. सीटीची मात्रा मुलाच्या वय-वजनाप्रमाणे ठेवली आहे ना, हे विचारा.

■ सोनोग्राफी, एमआरआयमध्ये हे किरण नसतात. त्यावर भागेल का, तेही विचारा.

■ मूल धरणाऱ्याने शिशाचा एप्रन घालावा. गरोदर बाईने धरू नये.

■ जुन्या फिल्म, रिपोर्ट सोबत न्या. दुबार तपासणी टळते.

■ एक्स-रे केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो.

■ डॉक्टरांनी गरजेची सांगितलेली तपासणी भीतीपोटी टाळू नका.