आम्ल अधिक आम्लारी: पाणी आणि बाकीचे बघे

शाळेच्या पुस्तकात उदासिनीकरण एका ओळीत उरकतं: आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतात. ओळ चुकीची नाही, पण तिच्यात क्षाराला उगाच पहिला मान मिळालाय. खरी घडामोड पाण्याची आहे.

नेमकं काय होतं

हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात मिसळलं की हायड्रोजन आणि क्लोराइड आयन सुटे होतात. कॉस्टिक सोडा विरघळला की सोडियम आणि हायड्रॉक्साइड सुटे होतात. ही दोन द्रावणं एकत्र ओतल्यावर हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांची गाठ पडते आणि पाण्याचा रेणू बनतो. सोडियम आणि क्लोराइड मात्र बघ्यांसारखे आधीसारखेच मोकळे फिरत राहतात. पाणी आटवल्यावरच त्यांचं मीठ हाती येतं.

भांडं गरम का होतं

दोन्ही द्रावणं विरळ, पण तीव्र आम्ल-आम्लारींची असली, तर तयार होणाऱ्या दर मोल पाण्यामागे सुमारे ५७ किलोजूल उष्णता बाहेर पडते. हायड्रोक्लोरिकऐवजी नायट्रिक आम्ल घ्या, कॉस्टिक सोड्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या, आकडा जवळपास तोच. जोड्या बदलूनही उष्णता बदलत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी अभिक्रिया एकच होतेय. असे पदार्थ पाण्यात विरघळताच आपोआप आयनांत सुटे होतात, ही कल्पना स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी मांडली. १८८४ साली उप्साला विद्यापीठाने त्यांच्या प्रबंधाला खालची श्रेणी दिली होती. १९०३ मध्ये त्याच विचाराला नोबेल मिळालं.

शेवटचे चार थेंब

प्रयोगशाळेतल्या अनुमापनात सगळ्यात मजेदार भाग शेवटी येतो. चंचुपात्रात ०.१ मोलरचं २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, सामू (pH) १. वर ब्युरेटमध्ये तेवढ्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा. २० मिलिलिटर ओतून झाले तरी सामू जेमतेम २ वर पोचतो. २४.९ मिलिलिटरला तो ३.७ असतो आणि २५.१ ला थेट १०.३! मधल्या चारेक थेंबांत हायड्रोजन आयनांचं प्रमाण सुमारे चाळीस लाख पटींनी घटतं. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग एकाएकी उमटतो तो म्हणूनच, आणि घाई करणाऱ्याचं वाचन चुकतं तेही इथेच.

उदासीन म्हणजे सामू ७?

नेहमी नाही. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल सौम्य असतं. त्याला कॉस्टिक सोड्याने पुरतं संपवलं, तरी ०.१ मोलरच्या द्रावणांत सामू ८.७ च्या आसपास थांबतो, कारण उरलेला ॲसेटेट आयन पाण्याकडून थोडे हायड्रोजन ओढून घेतो. इथला बघ्या अगदीच तटस्थ नसतो. उलट अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची बरोबरी झाली की द्रावण किंचित आम्लधर्मी उरतं. दर्शक निवडताना हे पाहावं लागतं: व्हिनेगरसाठी मिथिल ऑरेंज वापरलं, तर ते बरोबरी होण्याच्या कितीतरी आधीच रंग बदलून मोकळं होतं.

घरातला दर्शक

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा. हळदीत चुना कालवून लाल कुंकू करतात, त्यामागेही हेच रसायन आहे.

पोटात

जठररसाचा सामू साधारण १.५ ते ३.५. जळजळीवरच्या पातळ औषधांत बहुधा मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम या दोघांची हायड्रॉक्साइडं असतात. पहिल्याने पोट सैल होतं, दुसऱ्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून ती जोडीने देतात. खायच्या सोड्यानेही आम्ल शमतं, पण कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ढेकरा येतात.

जिथे हा उपाय करू नये

मधमाशी चावल्यावर सोडा, गांधीलमाशीला व्हिनेगर, असं आपण पाठ केलेलं असतं. पण विषाचा त्रास प्रामुख्याने त्यातल्या प्रथिनांसारख्या घटकांमुळे होतो आणि ते त्वचेखाली गेलेलं असतं. वरून चोळलेला सोडा तिथे पोचत नाही. अंगावर आम्ल सांडलं तर आम्लारी शोधत बसणं तर धोक्याचंच. वर सांगितलेली उष्णता तेव्हा थेट त्वचेवर बाहेर पडेल, शिवाय आम्लारी जास्त झाली तर तीही भाजते. भिजलेले कपडे काढून निदान वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि दवाखाना गाठायचा.