पुरेशी अट आणि आवश्यक अट : लाप्लास रूपांतराच्या निमित्ताने

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात लाप्लास रूपांतर हा विषय असतो. विद्यार्थी रूपांतरांचे कोष्टक पाठ करतात. कोष्टकाच्या आरंभी दिलेली अट मात्र बहुधा नजरेआड होते. आम्ही इतिहासाचे अध्यापक. तरीही या अटीविषयी येथे लिहीत आहोत, कारण तिच्यात दडलेला एक भेद गणिताच्या वर्गाबाहेरही उपयोगी पडणारा आहे.

पिएर सिमाँ लाप्लास (१७४९–१८२७) या फ्रेंच गणितज्ञाने संभाव्यतेच्या अभ्यासात अशा प्रकारच्या समाकलांचा उपयोग केला. कल्पना अशी : काळानुसार बदलणारी एखादी राशी घ्यावी, तिच्या प्रत्येक क्षणीच्या मूल्याला ठरावीक दराने घटत जाणाऱ्या भाराने गुणावे, आणि शून्यापासून अनंत काळापर्यंतच्या सर्व गुणाकारांची बेरीज, म्हणजेच समाकल, काढावी. घटीचा दर बदलला की बेरीजही बदलते. दर आणि बेरीज यांचा हा संबंध म्हणजेच लाप्लास रूपांतर. त्यामुळे विद्युत्मंडलाचे किंवा स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे अवकल समीकरण साध्या बैजिक समीकरणात उतरते. परंतु अनंत काळापर्यंतची ही बेरीज सान्त येईलच, याची हमी काय? वाढीची अट या प्रश्नाचे उत्तर देते.

सावकाराच्या कर्जाचे उदाहरण घेऊ. एक रुपयाचे कर्ज क्षणोक्षणी चक्रवाढीने वाढत आहे. वाढीचा दर २ आणि भाराच्या घटीचा दर ५ असेल, तर गुणाकार ३ या दराने घटत जातो व एकूण बेरीज एक-तृतीयांश येते. दोन्ही दर २ असतील, तर गुणाकार सदैव १ राहतो आणि बेरीज अनंत होते. म्हणजे कर्ज कितीही जाचक असो, त्याचा दर स्थिर असेल तर त्याहून मोठा घटीचा दर निवडून त्याला आवरता येते. जे फलन एका विशिष्ट क्षणानंतर अशा स्थिर दराच्या चक्रवाढीच्या ठरावीक पटीहून कधीच मोठे होत नाही, त्यास घातांकी कोटीचे फलन म्हणतात. काळाचा शंभरावा घातही याच कोटीत बसतो.

आता असा सावकार कल्पावा, की ज्याचा दरच काळाबरोबर वाढत जातो. ‘ई’ या संख्येचा (सुमारे २.७१८) काळाच्या वर्गाइतका घात घेतला की असे फलन मिळते. घटीचा दर १०० ठेवला, तर काळ ५० असताना गुणाकाराचा घातांक उणे २५०० असतो आणि सारे आटोक्यात आहे असे वाटते. काळ १०० होताच तो घातांक शून्यावर येतो. ११० होताच अधिक ११००. घटीचा दर कितीही मोठा घ्या, ही वाढ त्याला एके दिवशी ओलांडतेच. या फलनास लाप्लास रूपांतर नाही.

तेव्हा पाठ्यपुस्तकातील सिद्धान्त असा : फलन खंडशः संतत असेल आणि घातांकी कोटीचे असेल, तर पुरेशा मोठ्या दरासाठी त्याचे रूपांतर अस्तित्वात असते. येथे ‘तर’ची दिशा नीट पाहावी. अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. काळाच्या वर्गमुळाचा व्यस्त घेतला, तर तो शून्याजवळ अमर्याद वाढतो, म्हणून खंडशः संततीच्या व्याख्येत बसत नाही. तरीही त्याचे रूपांतर आहे. याहून विलक्षण उदाहरणही आहे. वर पाहिलेल्या बेबंद फलनाची ‘साइन’ घेतली, तर ती नेहमी उणे १ आणि अधिक १ यांच्यामध्येच राहते. तिचे विकलन केले असता मिळणारे फलन मात्र घातांकी कोटीच्या सर्व मर्यादा मोडते. तरीही त्याची धन व ऋण आंदोलने इतक्या वेगाने परस्परांना छेदतात की बेरीज सान्त राहते आणि रूपांतर मिळते. अट न पाळणारा प्रत्येक जण अपात्र नसतो. त्याची स्वतंत्र तपासणी करावी लागते, एवढेच.

या विषयाचा इतिहासही हेच सांगतो. लंडनमध्ये १८५० साली जन्मलेल्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. ते तारयंत्रचालक होते. पुढे त्यांनी स्वतःच्या बळावर उच्च गणित आत्मसात केले. अवकल समीकरणे बीजगणिताप्रमाणे सोडविण्याची त्यांची पद्धत अचूक उत्तरे देई. पण तिला रीतसर सिद्धता नव्हती. रॉयल सोसायटीने त्यांच्या लेखमालेचा तिसरा भाग १८९४ मध्ये नाकारला. सिद्धता मागणे गैर नव्हते; पण सिद्धता नाही म्हणजे सत्य नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पुढे ब्रॉमविच, डोएच आदी गणितज्ञांनी ती पद्धत पक्क्या पायावर उभी केली, आणि तो पाया म्हणजेच लाप्लास रूपांतर.

आमच्या समाजाला हा भेद अनुभवाने ठाऊक आहे. शिकलेले घर, शहरातील शाळा, शिकवणी यांनी यश सुलभ होते. त्या पुरेशा अटी असतीलही. परंतु त्यांनाच आवश्यक ठरवून ‘ज्यांच्याकडे हे नाही, त्यांच्यात गुणवत्ता नाही’ असे म्हणणे हा प्रथम तर्काचा दोष आहे, आणि मग अन्याय. तथागतांनी कालामांना केवळ परंपरेच्या वा गुरूच्या शब्दावर न विसंबता स्वतः पारखण्यास सांगितले. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनीही कोणताही नियम समोर आला की दोन प्रश्न विचारावेत : याची अट कोणती? आणि ती पुरेशी आहे, की आवश्यक?