अकरा महिने संपताना : घर सोडण्याची नोटीस किती दिवसांची?

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुनर्विकासासाठी घर रिकामे केलेल्या कुटुंबांवर भाड्याने राहण्याची वेळ आली आहे. नवी इमारत उभी राहायला काही वर्षे लागणार, पण भाड्याच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचा. अंधेरी, बोरिवली, मुलुंडला शिक्षण-नोकरीसाठी खोली घेतलेल्या आपल्या मुलामुलींचेही तेच. त्यामुळे एक प्रश्न सारखा येतो : करार संपला तर घरमालकाने किती दिवसांची नोटीस द्यायला हवी?

एकाही दिवसाची नाही.

कारण हा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असतो. त्यात आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपली की जागा परत द्यायची. न दिल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई अंगावर येते. घरमालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला आणि समन्स आले, तर ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर त्याचे म्हणणे आपल्याला मान्य आहे असे धरले जाते. तेव्हा समन्स कपाटात ठेवून देऊ नका. पण घरमालकालाही कायद्याने हाच मार्ग दिला आहे. सामान बाहेर फेकणे किंवा दाराला दुसरे कुलूप लावणे हा नव्हे.

मग सगळे सांगतात ती 'एक महिन्याची नोटीस' कुठली? ती मुदतीच्या आत करार मोडण्यासाठी असते आणि करारात लिहिली असेल तेवढीच. 'लॉक-इन'चे कलम असेल तर त्या काळात तीही चालत नाही. (पागडीच्या भाडेकरूंचे नियम वेगळे आहेत. त्यांच्यावर थकबाकीचा दावा लावण्याआधी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. चाळीतल्या काकांचा सल्ला फ्लॅटच्या कराराला लागू पडत नाही तो यामुळेच.)

आपल्यासाठी हा महिना इतरांपेक्षा लहान असतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे. १९१७ मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना पारशी विश्रामगृहातून संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगितले गेले. आज काठ्या घेऊन कोणी येत नाही. एजंट आडनाव विचारतो आणि मग फोन येतो की सोसायटी तयार नाही. अशा तीन-चार नकारांत महिना कधी संपतो कळत नाही. म्हणून सही करण्यापूर्वीच दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची नोटीस लिहून घ्या. डिपॉझिट चावी देतानाच परत, हेही लिहा.

नूतनीकरण आपोआप होत नाही. "राहा तुम्ही, बघू नंतर" हे तोंडी आश्वासन कामाचे नाही. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी लेखी विचारा, पोच घ्या किंवा स्पीड पोस्टने पाठवा. होकार आला तर नवा करार नव्याने नोंदवावा लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी कलम ५५ नुसार नोंदणी सक्तीची आहे आणि ती करण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वाद झाल्यास अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.