स्वस्ताईची किंमत

'आजचे युग हे संगणकाचे युग आहे' हे वाक्य आपण शाळेपासून निबंधांत लिहीत आलो आहोत. परंतु तो संगणक कोणत्या भावाने आणि कोणत्या दर्जाचा आपल्या घरी येतो, हा प्रश्न निबंधात कधी आला नाही. बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू घराच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तोच आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे 'पोरीच्या अभ्यासाला टॅब्लेट घ्यायचा आहे, कोणता घेऊ?' असे भावकीतले लोक मलाच विचारतात. त्यांना उत्तर देण्यासाठी या वस्तूच्या बाजाराची थोडी माहिती मिळवली. तिच्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

टॅब्लेट म्हणजे पाटीएवढा, बोटाने चालणारा संगणक. अशी यंत्रे पूर्वीही निघाली होती. पण त्यांना मोठा बाजार मिळाला तो अ‍ॅपल कंपनीच्या आयपॅडमुळे. एप्रिल २०१० मध्ये तो अमेरिकेत ४९९ डॉलरपासून विकला जाऊ लागला. जानेवारी २०११ मध्ये तो भारतात आला, तेव्हा सर्वांत स्वस्त आयपॅड २७,९०० रुपयांना होता. दर्जा उत्तम, पण किंमत सामान्य माणसाच्या हाताबाहेरची. आता इतर कंपन्यांनी या बाजारात उतरायचे तर कसे? एक वाट दर्जाची, दुसरी वाट किमतीची.

पहिल्या वाटेने एचपी ही अमेरिकन कंपनी गेली. तिने १ जुलै २०११ रोजी 'टचपॅड' बाजारात आणला आणि किंमत ठेवली ४९९ डॉलर, म्हणजे आयपॅडइतकीच. यंत्र अगदीच टाकाऊ नव्हते. पण त्यावर चालणारी अ‍ॅप्स फार थोडी होती. त्याच पैशांत आयपॅड मिळत असताना हे कोण घेणार? अवघ्या सात आठवड्यांत, १८ ऑगस्टला, कंपनीने हा धंदा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. उरलेला माल ९९ डॉलरला काढला, आणि आश्चर्य असे की त्याच मालावर गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या! यंत्र तेच, दर्जाही तोच; बदलली ती फक्त किंमत. यावरून दिसते की गिऱ्हाईक केवळ दर्जा पाहत नाही आणि केवळ किंमतही पाहत नाही. दिलेल्या पैशांत काय पदरात पडते, याचा तो हिशेब करतो.

दुसऱ्या वाटेचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेट सादर केला. डेटाविंड कंपनी तो सरकारला २,२७६ रुपयांना देणार होती आणि अनुदानामुळे विद्यार्थ्याला तो त्याहूनही स्वस्त पडणार होता. जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून त्याचा गवगवा झाला. पण ही स्वस्ताई आली कोठून? पडदा नुसत्या स्पर्शाने चालणारा नव्हे, तर दाबावा लागणारा, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा, स्मृती २५६ मेगाबाइट, बॅटरी लहान. यंत्र मंद चालते, तापते, बॅटरी लवकर उतरते अशा तक्रारी आल्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

पुढे हा प्रकल्प राजस्थानच्या आयआयटीकडून मुंबईच्या आयआयटीकडे आला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' निघाला. त्यात १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि स्पर्शाने चालणारा पडदा होता. सरकारला पडलेली किंमत मात्र २,२६३ रुपये, म्हणजे जवळजवळ पहिलीच. वर्षभरात त्याच पैशांत दुप्पट माल! सुटे भाग बनवणाऱ्यांची आपसांतली स्पर्धा किती तीव्र असते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल. तरी देशभरच्या कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या हाती 'आकाश' पोहोचवण्याचे स्वप्न पुरे झाले नाही, आणि कालांतराने योजनाच बंद पडली. दरम्यान मोबाईलचे पडदे मोठे होत गेले आणि टॅब्लेटला घरातच नवा स्पर्धक उभा राहिला.

येथे एक मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. किंमत निम्मी झाली म्हणजे उपयोगही निम्माच राहतो, असे नसते. ऊसतोडीचा कोयता निम्म्या भावात मिळाला, पण लोहाराने त्याला पाणी नीट दिलेले नसेल तर धार टिकत नाही; मग तो निम्मे काम देत नाही, तो कामच खोळंबवतो. प्रत्येक वस्तूला दर्जाची एक किमान पातळी असते. तिच्या खाली गेलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी महागच.

मग अशी वस्तू बाजारात टिकते कशी? जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या लेखात याचे उत्तर दिले आहे. २००१ चे नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी ते एक. जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन ते सांगतात की मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा मग सावधपणे कमीच भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, आणि चांगला माल बाजारातून उठून जातो. कोयत्याची पारख आमच्या वडिलांना आहे, बैलाचे दात ते बिनचूक ओळखतात. पण काचेमागचा प्रोसेसर कसा ओळखायचा?

माझ्या धाकट्या बहिणीसाठी २०२१ मध्ये, शाळा बंद असताना, वडिलांनी तालुक्याच्या गावाहून पाच हजारांचा टॅब्लेट आणला. उचलीतून बाजूला काढलेले पैसे होते ते. वर्षाच्या आत त्याची बॅटरी फुगली आणि दुरुस्तीचा खर्च मूळ किमतीच्या निम्मा सांगण्यात आला. वडिलांनी तो पेटीत ठेवून दिला. बहीण पुन्हा माझ्या जुन्या वह्यांवर अभ्यास करू लागली.

सोपे गणित करून पाहू. पाच हजारांचा टॅब्लेट एक वर्ष टिकला, तर महिन्याला सुमारे ४१७ रुपये पडतात. बारा हजारांचा चार वर्षे टिकला, तर महिन्याला २५० रुपये. म्हणजे गरीब माणूस महाग वस्तू वापरतो! त्याला हे गणित कळत नाही असे मुळीच नाही. त्याच्याजवळ एका दिवशी बारा हजार नसतात, इतकेच. ज्याच्याजवळ असतात, त्यालाच दर्जाच्या स्पर्धेचा लाभ मिळतो.

म्हणूनच सार्वजनिक खरेदीचे महत्त्व मोठे आहे. 'महाज्योती'ने इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त समाजांतील विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी टॅब्लेट दिले. आमच्यासारख्या जिल्ह्यात ही मदत लहान नाही. परंतु सरकारी खरेदीत केवळ सर्वांत कमी दर पाहिला तर काय होते, याचाही विचार हवा. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाईल निकृष्ट असल्याचे सांगून सरकारला परत केले होते. मोफत मिळालेली वस्तूही माणसे परत करतात, ती उगीच नाही.

मित्रहो, टॅब्लेट घेताना भावाआधी तीन प्रश्न विचारावेत. बॅटरी किती तास चालते? दुरुस्ती जवळपास कोठे होते? कंपनी किती वर्षे सॉफ्टवेअर सुधारून देणार? आणि प्राध्यापकवर्गाला एक विनंती. ग्रंथालयासाठी अशी यंत्रे घेण्याची वेळ येईल तेव्हा निविदेत हेच तीन प्रश्न दराच्या रकान्याआधी लिहावेत. एकट्या गिऱ्हाइकाला जो दर्जा मागता येत नाही, तो संस्थेला मागता येतो. तसे झाले तर चार वर्षे टिकणारे यंत्र, एका दिवशी बारा हजार जवळ नसलेल्या मुलीच्याही हाती पडेल.